अकरा दिवसांचं दूध

यवतमाळ
९ नोव्हेंबर २००६

आई,

काल दुपारी भगवानरावांच्या दुकानात फोन केला होता. त्यांनी तुम्हाला बोलवायला माणूस पाठवला आणि मी दहा मिनिटं रिसीव्हर कानाला लावून बसले. तिकडून तराजूचा आवाज येत होता, कुणीतरी पावशेर साखर मागत होतं. मग भगवानराव आले आणि घसा खाकरून म्हणाले, "मैनाबाई वावरात गेल्या, असं सांगाले सांगतलं." बिचाऱ्यांना खोटंही धड बोलता येत नाही.

म्हणून हे पत्र. तुम्ही चौथी शिकलेल्या. चष्मा लावून, सावकाश का होईना, अक्षर न् अक्षर वाचता. आणि पत्राला घरात नाही म्हणून सांगता येत नाही.

मितालीला तीन तारखेला दोन वर्षं पूर्ण झाली. वजन नऊ किलो. मऊ भात, वरण, ताकात कुस्करलेली भाकरी खाते. शी आता दिवसातून दोनदाच होते आणि बांधून होते. दुसऱ्या एखाद्या आजीला पत्रात हे लिहिलं तर ती नाक मुरडेल. तुम्ही हेच आधी विचारलं असतंत. मी लॅबमध्ये काय काम करते ते लग्नानंतर पहिल्यांदा तुम्हाला सांगितलं होतं, आठवतं? तुम्ही तोंडाला पदर लावून म्हणाला होतात, "अवं माय, दिवसभर लोकायची शी पाहून राह्यली तू, अन् मंग जेवते कशी?" मी म्हणाले, हात धुऊन. त्यावर तुम्ही इतक्या हसलात की मामाजी बाहेरून विचारायला आले, काय झालं म्हणून.

मितालीच्या पोटावर बेंबीच्या वर आडवा व्रण आहे. तिच्याबरोबर तोही वाढतोय. मी तिला तेल लावते तेव्हा त्याच्या भोवतीनं हात फिरवते, वरून नाही. मला जमत नाही ते. तेल लावायचं म्हटलं की ती पळून जाते. तुमच्या पायांवर पालथं घातलेलं एकही पोर पळून गेल्याचं मी पाहिलेलं नाही.

नयन दर महिन्याला गावी येतो. परतल्यावर तुमच्याबद्दल विचारलं की "बरी आहे" एवढंच सांगतो. मुलगा तुमचाच.

त्या दिवशी दवाखान्याच्या वऱ्हांड्यात मी जे बोलले, ते तसं बोलायला नको होतं. दोन वर्षांत हे पहिल्यांदा लिहिते आहे. पण माझीही काही बाजू होती, आई. माझं सातव्या महिन्यात जन्मलेलं लेकरू काचेच्या पेटीत होतं, त्याचं पोट ढोलासारखं फुगलं होतं, आणि तुमच्या लुगड्याच्या गाठीतून घुटीची डबी निघाली. माझ्या जागी कुणीही असतं तरी बोललं असतं.

माझी आई गेली तेव्हा मी कॉलेजात होते. तुमच्याकडच्या सगळ्या सुना सासूला मामी म्हणतात, मी पहिल्याच दिवशी आई म्हणाले, आणि तुम्ही माझ्या ताटात आणखी एक पोळी वाढलीत. ते मी विसरलेले नाही.

उत्तर पाठवा. दोन ओळी चालतील.

केतकी


४ डिसेंबर २००६

आई,

दोन ओळी आल्या नाहीत.

नयन परवा गावाहून आला. या वेळी मी त्याला सोडलं नाही, जेवताना समोर बसून एकेक विचारून घेतलं. घरात कापूस भरलाय, म्हणाला. भाव पडलाय म्हणून मामाजी विकत नाहीत, आणि पुढच्या खोलीत छतापर्यंत कापूस असल्यानं तुमचा मुक्काम ओसरीत आहे. तुम्ही रोज वेचणीला जाता. मी म्हटलं, वेचणी चालू असताना बाळंतिणींचं कोण बघतं? तेव्हा तो ताटाकडे बघत म्हणाला, "आईनं ते सोडलं."

मग हळूहळू सगळं सांगितलं. लखीरामची सून बाळंत झाली, तेव्हा लखीराम स्वतः दारात आला होता, बाळाच्या आंघोळीसाठी. तुम्ही उठलाही नाहीत. "माह्या हातानं नको," एवढंच म्हणालात. तुमची घुटी उगाळायची सहाण मोतीबाईला देऊन टाकलीत. पंचवीस वर्षं गावातल्या प्रत्येक पोराची पहिली आंघोळ तुमच्या पायांवर झाली. आणि आता दोन वर्षं एकाही पोराला हात नाही.

हे माझ्यामुळे झालं, असं नयन म्हणाला नाही. पण जेवण अर्धं टाकून उठला.

तुम्ही इथे आलात तो दिवस मला सारखा आठवतो. बाळंतपण अजून अडीच महिने दूर होतं, आणि एकाएकी ऑपरेशन करून मूल काढावं लागलं. तुम्ही राळेगावहून मिळेल त्या गाडीनं आलात. पिशवीत डिंक, मेथ्या, तिळाचं तेल आणि जुन्या लुगड्यात गुंडाळलेली सहाण. काचेतून मितालीला पाहिलंत, साडेअकराशे ग्रॅमची, आणि म्हणालात, "अवं, इतकुशी! बोंड उकललं नाही तोच वेचून घेतलं कोनं हे?" तिथल्या आया रुपीबाईसुद्धा हसल्या. त्या आठवड्यात मला हसताना कुणी पाहिलं असेल तर ते त्याच क्षणी.

पहिले चार दिवस मला दूधच आलं नाही. पाचव्या दिवशी घरी आले आणि त्याच दुपारी आलं. तिथल्या सिस्टरनं सांगून ठेवलं होतं की थेंब असला तरी आणा, नळीनं देऊ, पण स्वच्छ आणा. मग मी स्टीलच्या वाटीत दूध काढायचं आणि तुम्ही ती वाटी झाकून, पदराखाली धरून, दिवसातून चार वेळा दवाखान्यात न्यायची. उन्हातून, पायी. रिक्षात दूध हिंदकळते म्हणायचात. आठवतं ना, मी स्वच्छतेचं केवढं वेड घेतलं होतं? वाट्या, चमचे, झाकणं. गॅस बंदच नसायचा. सगळं उकळत होते.

आई, मी जंतू बघणारी बाई आहे. काचेच्या पट्टीवर एक थेंब टाकला की काय काय वळवळतं हे मी रोज बघते. लोक आगपेटीत, क्रीमच्या बाटलीत, एकदा तर तपकिरीच्या डबीत घालून नमुना आणतात, आणि मला त्यात फक्त शत्रू दिसतात. कारण आमच्याकडे येतात ते आजारी माणसांचेच नमुने. धडधाकट माणसाच्या पोटात काय नांदतं, ते मला कुणी कधी दाखवलंच नाही.

एक गोष्ट लिहायची होती. आज राहू दे.

मितालीला नवी चप्पल आणली, ती घालूनच जेवायला बसते.

केतकी


२२ जानेवारी २००७, सकाळ

आई,

हे पत्र मामाजींच्या हातात देते आहे. ते दहाच्या गाडीनं निघतील. कृपा करून लगेच वाचा.

समीक्षा कशी आहे ते मामाजी सांगतीलच. बाळंतपणात आलेले झटके थांबलेत, पण तुमची लेक अजून पूर्ण शुद्धीवर नाही. उमरखेडहून तिला इथे आणलं ते बरंच झालं. तिचं बाळ त्याच बाळांच्या दवाखान्यात, त्याच डॉक्टरबाईंकडे आहे. मुलगी. तेराशे ग्रॅम. श्वास स्वतःचा घेते आहे.

डॉक्टरबाई म्हणतात की आता पेटीपेक्षा माणसाची छाती बरी. उघड्या छातीशी बाळाला उभं धरून वरून पदर बांधायचा आणि दिवसभर बसून राहायचं. ऊब मिळते, आणि आपल्या अंगावरचं जे असतं ते हळूहळू तिच्या अंगावर आणि पोटात जातं. ते जायलाच हवं, म्हणाल्या. पण समीक्षा पडून आहे. तिच्या सासूला दम्यानं चार पायऱ्या चढवत नाहीत. जावई समीक्षाजवळून हलू शकत नाहीत. दोन दिवस मी रजा टाकून बसले. नयनही काल दुपारी शर्ट काढून बसला, लाजून कानापर्यंत लाल झाला होता, पण बसला. आज सकाळी मला सर्दी-खोकला सुरू झाला आणि सिस्टरनं मला दारातूनच परत पाठवलं. नयनच्या शाळेत आज तपासणी आहे. आज त्या पोरीला धरायला कुणी नाही.

मी मामाजींना म्हटलं, आईंना घेऊन या. ते बराच वेळ टोपी झटकत राहिले. मग म्हणाले, "थे नाही येत, बाई. मी इचारलं नसन का? म्हनते, एका नातीचं आतडं कापाले लावलं म्या, दुसरीले हात लावत नाही."

म्हणून आता लिहिते. मागच्या पत्रात लिहायचं होतं तेच.

मी दूध उकळत होते.

वाट्या-चमचेच नाही, दूध. माझं दूध. तुम्हाला हे माहीत आहे, तुमच्या समोरच होत होतं. पण मी ते कधी तोंडानं कबूल केलं नाही, म्हणून लिहिते. वाटीभर दूध काढायचं, लहान पातेल्यात ओतून उकळी आणायची, गार करायचं, मग तुमच्या हातात द्यायचं. अकरा दिवस. पहिल्याच दिवशी तुम्ही माझा हात धरला होता. "अवं पोरी, मायच्या दुधाले कोनी आगीवर ठेवते का? आटून जाते दूध." मी म्हणाले, आई, ही अंधश्रद्धा आहे. मी यातलं शिकलेली आहे. तुम्ही हात सोडलात. मग स्वतःच पातेलं घासून ठेवायला लागलात.

आणि दहाव्या दिवशी रुपीबाईंनी तुम्हाला दोन मिनिटं आत सोडलं, तेव्हा तुम्ही घुटीचं बोट मितालीच्या ओठाला लावलंत. एकदा. सोळाव्या दिवशी तिचं पोट फुगलं.

डॉक्टरबाईंनी वऱ्हांड्यात विचारलं होतं, "घरून बाळाला काय काय दिलंत? सगळं सांगा." मी तुमच्या गाठीतली डबी त्यांच्या हातात दिली. दुधाचं बोलले नाही. तेव्हा ते सांगण्यासारखं काही आहे, हेच मला माहीत नव्हतं, हे शपथेवर सांगते. पण मग मी पुढे जे बोलले ते त्यांनी विचारलंही नव्हतं. तुमच्या हातांना शेण-माती असते, म्हणाले. ते हात घेऊन माझ्या मुलीजवळ कशाला गेलात, म्हणाले. सगळे ऐकत होते. तुम्ही हात पदराखाली घेतलेत. मग पिशवी उचलून जिन्याकडे गेलात. मी हाक मारली नाही.

पुढे नागपूरला ऑपरेशन झालं, वीतभर आतडं काढलं. पंधरा दिवसांनी पुन्हा दूध सुरू करायचं ठरलं, तेव्हा मी तिथल्या सिस्टरला विचारलं, उकळायला गॅस कुठे आहे? ती माझ्याकडे बघतच राहिली. "उकळायचं? अहो, उकळलं तर त्यात राहिलं काय? ताजं द्या, जसं आहे तसं." त्या क्षणापासून मला माहीत आहे. दोन वर्षं माहीत आहे. एकदा गावी येऊन तुमच्यासमोर बसले असते तर तुम्ही कापूस वेचायला गेला नसता, बाळांना न्हाऊ घातलं असतं. मी आले नाही. सगळ्यांचं लक्ष तुमच्या हाताकडे होतं आणि माझी वाटी कुणालाच दिसली नव्हती. मला ते सोयीचं होतं.

काल मी डॉक्टरबाईंना सांगितलं. त्याच वऱ्हांड्यात, मामाजी आणि नयन दोघंही शेजारी असताना. त्यांनी चष्मा काढला, पुसला. म्हणाल्या, "आईच्या दुधात नुसतं पोषण नसतं. त्यात जिवंत जंतू असतात, बाळाच्या आतड्यात वस्ती करणारे. त्यात अशी साखरही असते जी बाळाला पचतच नाही. ती त्या जंतूंसाठीच असते. ते जंतू म्हणजे बाळाचं पोट राखणारे राखणदार म्हणा. तुम्ही राखणदारच मारून पाठवत होता." मी विचारलं, म्हणजे माझ्यामुळे झालं? त्या म्हणाल्या, "नाही सांगता येत. काहीही न चुकता ज्यांना ताजं दूध मिळालं, त्यांचीही पोटं फुगलेली मी पाहिली आहेत. आणि घुटी चाटलेली मुलं ठणठणीत घरी गेलेलीही पाहिली आहेत. घुटी देऊ नका, दूध उकळू नका, हे मी रोज ओरडून सांगेन. पण तुमच्या मुलीचं कशानं झालं, ते मला ठाऊक नाही. कुणालाच नाही."

मग मामाजी म्हणाले, "कपाशीवर फवारा मारला का अळी मरते, बाई. पन अळीले खानारा ढालकिडाबी मरते. मंग पुढच्या टायमाले अळी दुप्पट. आमी दहा वर्सं हेच करून राह्यलो." ते मला बरं वाटावं म्हणून बोलले की त्यांना खरंच ते आठवलं, कळलं नाही.

नयन कालपासून माझ्याशी बोललेला नाही.

मी माफी मागत नाही, ती नंतर. आत्ता एवढंच. तुमचा हात दोषी आहे असं या जगात फक्त मी म्हणाले होते, आणि मी खोटी पडले आहे. समीक्षाच्या मुलीला छाती हवी आहे. तुम्ही या.

केतकी


३ फेब्रुवारी २००७

आई,

ही चिठ्ठी डब्याच्या वरच्या कप्प्यात, पोळ्यांखाली ठेवते आहे. तुम्ही माझ्यापासून एका जिन्याच्या अंतरावर बसला आहात आणि मी तुम्हाला पत्र लिहिते आहे. कुणी पाहिलं तर वेडात काढेल.

तुम्ही त्याच संध्याकाळी आलात हे मला रुपीबाईंनी सांगितलं. म्हणाल्या, मैनाबाईंनी कोपरापर्यंत हात धुतले, एकदा, दोनदा, तीनदा, आणि मग विचारलं, "अजून धुऊ का?" सिस्टर म्हणाली, पुरे आजी, कातडी निघेल. तेव्हा कुठे तुम्ही खुर्चीत बसलात आणि पोरगी तुमच्या छातीशी दिली. रुपीबाई म्हणाल्या की पहिला तासभर तुम्ही श्वासच घेत नव्हता.

आज बारा दिवस झाले. रोज दुपारी मी डबा घेऊन येते आणि काचेपाशी उभी राहते. तुमचे डोळे मिटलेले असतात आणि पदराच्या वर फक्त एक टोपडं दिसतं. चौदाशे वीस ग्रॅम, असं काल पाटीवर लिहिलं होतं. समीक्षा आता उठून बसते, दूध काढते, आणि ती वाटी पलीकडच्या इमारतीतून तुम्ही आणता, तशीच पदराखाली धरून. मी जिन्यात तुम्हाला पाहिलं. भिंतीला चिकटून उभी राहिले, धक्का लागू नये म्हणून. तुम्ही "येतो" म्हणालात आणि गेलात.

बारा दिवसांत आपण एवढंच बोललो. वांग्याची भाजी तिखट झाली होती. दोन पोळ्या जास्त होतात. उद्या ताक पाठव. मी हे शब्द घरी जाताना मनात घोळवत जाते. तिखट झाली होती म्हणजे खाल्ली.

घर पंधरा मिनिटांवर आहे. तुम्ही नातेवाइकांच्या शेडमध्ये सतरंजी टाकता. मी तुमच्या खोलीतल्या पलंगावर धुतलेली चादर घातली आहे, बारा दिवसांपूर्वीच. रोज वाटतं, आज विचारावं. काचेतून तुमच्याकडे बघितलं की वाटतं, कुठल्या तोंडानं?

मला त्या टोपड्याचा हेवा वाटतो, आई. मी चाळीस वर्षांची होत आले, आणि मला त्या पोरीच्या जागी असावंसं वाटतं.

ताक तळच्या कप्प्यात आहे.

केतकी


१३ फेब्रुवारी २००७

आई,

हे पत्र उमरखेडला, समीक्षाच्या पत्त्यावर पाठवते आहे. तिथे तरी तुम्हाला वावरात गेल्या असं कुणी सांगणार नाही.

परवाचं मी सारखं आठवते आहे. गाडी सुटायला वेळ होता. समीक्षा पोरीला घेऊन खिडकीशी बसली होती, जावई सामान चढवत होते. नयन मितालीला घेऊन आला, आणि ती नवख्या माणसाकडे बघतात तशी तुमच्याकडे बघत राहिली. तुम्ही तिला घ्यायला हात पुढे केले नाहीत. मागे वळून स्टँडवरच्या नळाकडे निघालात. मी म्हटलं, नका धुऊ, आई. तसेच घ्या. तुम्ही ऐकलं नाहीत. धुतलेत, पदराला पुसलेत, आणि मग तिला उचललंत. तिचा फ्रॉक वर करून व्रण पाहिलात. अंगठ्यानं त्याच्यावरून, थेट त्याच्यावरून, एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत. ती पळाली नाही. "बरा भरला," एवढंच म्हणालात, एखाद्या शिवणीबद्दल बोलावं तसं.

तेव्हा मी विचारलं. दोन वर्षं जे विचारायचं होतं ते गाडीच्या पायरीपाशी, पाववाल्याच्या ओरडण्यात. "त्या दिवशी तुम्ही का नाही बोललात? मी तुमच्या हातांना बोलत होते. दूध मी उकळते हे तुम्ही सांगू शकला असता."

तुम्ही मितालीच्या नाकाला आलेलं पुसत म्हणालात, "मले का मालूम होतं उकळल्यानं वंगाळ होते? मी त् दूध आटते म्हून नको म्हनत होती."

"तरी. डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, सगळं सांगा."

"सांगतलं असतं, अन् मंग?" तुम्ही पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलंत. "डाक्टरनीनं म्हनलं असतं, मायच्याच दुधानं झालं. तू त् तवा अर्धी मेल्यावानी दिसे. तुह्या दुधाले बोल लागला असता, त् तू पुन्हा वाटी हाती धरली नसती. मंग हे लेकरू कायच्यावर जगलं असतं? माह्या हाताले बोल लागला त् लागला. हात का, वावरात कामी येतेत."

मग तुम्हीच पुढे म्हणालात, जरा हळू, "गावी गेल्यावर मंग वाटाले लागलं, का खरंच माह्यानंच झालं असन. कोनी म्हनाले नव्हतं ना, का नाही झालं."

मग कंडक्टरनं घंटी मारली. तुम्ही मितालीला माझ्याकडे दिलंत आणि चढलात.

आई, नागपूरला ते पंधरा दिवस मितालीला काहीच द्यायचं नव्हतं, तरी मी दर तीन तासांनी दूध काढत होते आणि फेकत होते, आटू नये म्हणून. मला वाटायचं मी किती खंबीर आहे. कुणी माझ्याकडे बोट दाखवलं नव्हतं म्हणून मला तेवढं जमलं. ते बोट तुम्ही तुमच्या अंगावर घेऊन निघून गेला होतात, पिशवी उचलून, चालत. तिचं उरलेलं आतडं त्याच दुधावर जगलं. डॉक्टरबाई काहीही म्हणोत, एवढं मला ठाऊक आहे.

नयन आता बोलतो. भाजी काय आणू, गॅस संपला का, इतपत. बाकीचं मी मागत नाही. मी दोन वर्षं त्याच्या आईला त्याच्या घरापासून तोडलं, तो मला दोन महिने गप्प ठेवू शकतो.

काल लॅबमध्ये एक मुलगी आली होती, ओली बाळंतीण, आठव्या महिन्यातच मोकळी झालेली, सासूबरोबर. मी रक्त घेत होते आणि ती सासूला विचारत होती, दूध गरम करून न्यायचं का? मी सुई हातात धरूनच एवढ्या मोठ्यानं नाही म्हणाले की बाहेरच्या बाकावरची माणसं उठून उभी राहिली. नंतर त्या सासूशी मी पाऊण तास बोलले. तिच्या पिशवीतही डबी होती. मी ती हिसकावली नाही. तिला पाणी दिलं, बसवलं, आणि घुटी का नको ते सांगितलं. जाताना ती म्हणाली, "तुमाले लय माहिती दिसते, मॅडम." मी म्हटलं, माझ्या सासूला माझ्याहून जास्त आहे.

समीक्षाला महिनाभर तरी तुमची गरज आहे, हे मला कळतं. तिच्या पोरीला आंघोळ घाला, पण तेल थोडं, आणि घुटी नाही, हे तुम्हाला सांगायला नको. दोन किलोची झाली की कळवा.

आणि आता मागते, तेव्हा मागितलं नव्हतं ते. मला माफ करा, असं लिहून पाहिलं आणि खोडलं. कागदावर ते फार स्वस्तात पडतं. तुमच्या समोर बसून मागेन. तुम्ही वाटलं तर नका करू. पण मी तुमच्या समोर बसलेली असायला हवी.

उमरखेडहून राळेगावकडे जाणारी गाडी यवतमाळला अर्धा तास थांबते. समीक्षा म्हणाली की तुम्ही मला तेवढ्यासाठी स्टँडवर बोलावणार आहात, मितालीला घेऊन. मी येणार नाही, आई. अर्ध्या तासासाठी येणार नाही. चादर मी पुन्हा धुऊन घातली आहे. तुम्ही उतरायचं आहे.

तुमची
केतकी